राग त्यांना येतो, वाईट हिला वाटते

(जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी बुलढाण्यात झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळी कायद्यावर सत्र झाले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, तो २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. जुने ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे. हे सगळे तुम्ही वहीत उतरवून घेतलेत. आणि आता ताई गाणी, कविता, सिनेमा यांवर बोलणार म्हटल्यावर बऱ्याच वह्या मिटल्या. मला इथून दिसते आहे. जेवणानंतरचे सत्र म्हणजे थोडी करमणूक, असे तुम्हाला वाटले असेल. पण वह्या उघड्या ठेवा. मी सकाळच्याच विषयावर बोलणार आहे, फक्त दुसऱ्या दाराने.

आपल्या सल्ला केंद्रात बाई येते. आपण तिला पाणी देतो, बसवतो, विचारतो, ‘मावशी, त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?’ ती म्हणते, ‘काय वाटीन बाई, वाईट वाटलं.’ मारले, वाईट वाटले. न विचारता शेत विकले, वाईट वाटले. दुसरी आणून घरात बसवली, तरी वाईटच वाटले. मग नवऱ्याबद्दल विचारावे, तर ती म्हणते, ‘त्याहीले राग आला अन् मंग त्याहीनं हात उचलला.’ केंद्रातले जुने अर्ज तुम्ही कधी एका बैठकीत वाचून पाहा. मी वाचले आहेत. राग त्यांना येतो, वाईट हिला वाटते. ‘मला राग आला’ हे वाक्य बाईच्या अर्जात जवळजवळ सापडत नाही.

तिला राग येत नाही असे कोणी म्हणेल का? आपणही बायकाच आहोत. राग येतो, पण तो सांगायला तिच्याजवळ सोयीची जागा नाही. रडायला जागा आहे, सोसायला आहे, मायेला तर भरपूर आहे. कुठल्या भावनेला घरात पाट मांडायचा आणि कुठलीला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, हे संस्कृती ठरवते. आणि ती हे नियम भाषण करून शिकवत नाही. ती गाण्यातून शिकवते, कीर्तनातून शिकवते, सिनेमातून शिकवते. म्हणून कार्यकर्तीने गाणी आणि सिनेमे नीट पाहिले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

जात्यापासून सुरुवात करू. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या मावश्यांना जाते ओढल्याचे आठवत असेल. पहाटे, अंधारात, घर झोपलेले असताना दळण चाले. हात जात्यावर, तोंडाने ओवी. ऐकायला कोण? जाते आणि समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण. पुण्याच्या हेमा राइरकर आणि फ्रान्समधून येऊन इथेच राहिलेले गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या, लिहून घेतल्या, पुढे ध्वनिमुद्रितही केल्या. तो साठा एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. इंटरनेट मोबाइलवर सगळ्यांच्याच आहे, तर एकदा ऐका. आपल्या आज्यांचे आवाज आहेत ते.

ओवी म्हटले की आपल्याला आठवतो तो भाऊराया, माहेरची वाट, विठूमाउली. पुस्तकांतही तेच जास्त आले. पण बायकांबरोबर बसून तासभर ऐकत राहिले की दुसऱ्याच ओव्या निघू लागतात. मुलीचा जन्म दिल्याबद्दल देवाला जाब विचारणाऱ्या ओव्या. दारू पिणाऱ्याच्या संसारावरच्या ओव्या. माहेरच्या जमिनीत भावाला सगळे आणि बहिणीला एक चोळी, हा हिशेब मांडणाऱ्या ओव्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी १९९६ मध्ये गायलेल्या ओव्या त्या साठ्यात आहेत. त्या बाबासाहेबांच्या आहेत. त्यात माय-लेकराचा जिव्हाळा आहे आणि ताठ मानेचा अभिमानही आहे. तिथे बाई सोशीक नाही, ती हक्काने बोलते.

म्हणजे राग होता. पण तो कोणाला उद्देशून? नवऱ्याला नाही, सासूला नाही. जात्याला, देवाला, सूर्याला, सखीला. समोरच्या माणसाला सोडून बाजूच्याला सांगायचे. जनाबाईपासून हीच रीत आहे. घरातले दळण-कांडण तिच्या एकटीच्या अंगावर, आणि ती सांगते विठ्ठलाला; मग विठ्ठलच तिच्याबरोबर दळायला बसतो. मला नेहमी वाटते, हा चमत्कार आपण भक्तिभावाने ऐकतो आणि त्यातली तक्रार ऐकायची राहून जाते. घरात दुसरे कोणी हात लावायला आले नाही, म्हणून देवाला यावे लागले.

मग विजेची गिरणी आली. पहाटेचे दळण थांबले. ते फार चांगले झाले. जात्याच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी आठवडाभर पायलीचे दळण दळून पाहावे. पण दळणाबरोबर ती अंधारातली जागाही गेली. तिच्या बदल्यात नवी जागा कोणी दिली नाही.

भुलाबाईचेही तसेच. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या बाजूला आणि घाटावरही, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडत. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, संध्याकाळी टिपऱ्या, गाणी आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत सासर आहे. सुनेला माहेरी जायचे असते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी लाव. मग वेल येऊ दे, मग फूल, मग कारले, मग भाजी. ते सगळे झाले की सासऱ्याला विचार, मग दिराला, मग नणंदेला. आपण तहसीलमध्ये जातो ना, या टेबलावरून त्या टेबलावर? तसेच आहे ते. बाईच्या रजेची फाइल आहे ती. आठ-नऊ वर्षांच्या पोरी हसत-हसत, टिपऱ्या वाजवत हे गातात. एका बाजूने त्यात सासरची टिंगल आहे. दुसऱ्या बाजूने पोरीला पुढच्या आयुष्याचे ट्रेनिंगही मिळते की परवानगी मागावीच लागते. दोन्ही एकाच गाण्यात आहे. म्हणून ‘लोकगीत म्हणजे प्रतिगामी, सोडून द्या’ असे म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही आणि ‘आपली थोर संस्कृती’ म्हणणाऱ्यांशीही नाही. गाणे घ्यावे आणि पोरींना विचारावे, परवानगी कोणाकोणाची लागली ते मोजा. मागच्या वर्षी एका शाळेत मी हे केले. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सगळ्यांले विचारलं, भुलाबाईले कोनी नाही विचारलं जायचं का म्हून.’ तास तिथेच संपवला मी. पुढे मला काही शिकवायचे उरले नव्हते.

आता राग बाहेर पडण्याची आणखी एक जागा आपल्या जिल्ह्यात आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते. सगळ्या धर्मांचे लोक येतात, श्रद्धेने येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही बोलायचे नाही. पण ‘बाहेरची बाधा’ म्हणून तिथे ज्यांना आणतात, त्यांत बायका किती असतात ते पाहा. अंगात आले की घरात पदर न ढळू देणारी बाई नवऱ्याला अरे-तुरे करते, सासूला नावाने हाक मारून सुनावते, केस मोकळे सोडते. आणि सारे कुटुंब हात जोडून ऐकते, कारण बोलते ती बाई नाही, दुसरेच कोणी आहे. तिचे खरे बोलणे ऐकून घ्यायला तिच्या अंगात दुसरे कोणी यावे लागते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो आपण वापरायचाच. मारहाण, साखळदंड, उपासमार दिसली की तक्रार करायचीच. तिला मानसोपचाराची गरज असेल तर तेही बघायचे. पण अंगात आले असताना ती काय बोलली, हे घरच्यांना एकदा शांतपणे विचारून लिहून घ्या. बरेचदा ती तिची फिर्याद असते.

फिर्याद या शब्दावरून हिरा बनसोडे आठवल्या. त्यांच्या एका कवितासंग्रहाचे नावच ‘फिर्याद’, १९८४ चा. त्यांची एक कविता आहे: सवर्ण मैत्रीण मोठ्या मनाने दलित मैत्रिणीकडे जेवायला येते आणि वाढण्याची पद्धत चुकली म्हणून नाके मुरडते. ही कविता मी आमच्या दोन गटांत वाचून दाखवली आहे. दोन्हीकडे वाचन संपल्यावर आधी शांतता पसरली आणि मग दोन वेगळ्या प्रकारची कुजबुज झाली. बौद्धवाड्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. बाकीच्या म्हणाल्या, आता असे कुठे राहिले आहे? तेव्हा एका ताईने विचारले, ‘गटाची बैठक आमच्या वस्तीत कधी झाली?’ सात वर्षे गट चालला होता, बैठक एकदाही तिकडे झाली नव्हती. पुढची झाली. चहा सगळ्यांनी घेतला का? दोघींनी ‘उपास आहे’ सांगितले. मी हे नावानिशी सांगत नाही, पण ज्यांना ओळखायचे त्या ओळखतील. बायकांचा राग म्हटले की आपण तो पुरुषांवरचाच धरून चालतो. आपल्याआपल्यातही तो आहे, आणि कवितेमुळे तो त्या दिवशी खोलीत आला.

सिनेमाकडे येते. ‘माहेरची साडी’ पाहिली नाही अशी कोणी आहे का इथे? नाही ना. १९९१ मध्ये आला, मी तेव्हा रांगत असेन. पण पुढे टीव्हीवर इतक्यांदा पाहिला की पाठ झाला. मूळचा तो राजस्थानी सिनेमा, ‘बाई चाली सासरिये’. आपल्याकडे गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून गेल्या आणि पदर भिजवून परत आल्या. पांढऱ्या पायाची म्हणून बापाने दूर लोटलेली लक्ष्मी, मग सासरचा छळ, आणि तिचे सोसणे. आपल्या चळवळीत या सिनेमावर खूप टीका झाली, ती योग्यच होती. पण आजच्या कार्यकर्त्यांनी एवढ्यावर थांबू नये. इतक्या बायका रडल्या, त्या कशासाठी रडल्या? सगळ्या काही अलका कुबलसाठी रडल्या नाहीत. घरी ज्या गोष्टीसाठी रडता येत नव्हते, त्यासाठी अंधाऱ्या थेटरात रडता आले. जात्यासारखाच अंधार तो. माझी तक्रार रडण्याबद्दल नाही. माझी तक्रार ही की सिनेमा रडू देतो आणि बजावतो की चांगली बाई एवढेच करते. राग येतो तो सिनेमातल्या खाष्ट सासूला. म्हणजे रागीट बाई ती खलनायिका, आणि रडणारी ती देवी.

आम्ही हा सिनेमा एका गावच्या समाजमंदिरात पडद्यावर दाखवला आणि मध्ये थांबवला. आरडाओरडा झाला, ‘ताई, चालू करा.’ म्हटले, करते. आधी सांगा, लक्ष्मीला आत्ता काय वाटत असेल? उत्तर तेच, वाईट वाटत असेल. मग विचारले, तुम्ही तिच्या जागी असता तर? एक शेतमजूर मावशी मागून म्हणाली, ‘हे पोट्टी जेवते कधी? मी त पैले जेवून घेतलं असतं, मंग भांडली असती.’ खूप हसल्या सगळ्या. आणि हसता-हसता कोण कोणाच्या घरी शेवटी जेवते, कोणाला भाजी उरत नाही, यावर पाऊण तास बोलणे झाले. सिनेमा त्या दिवशी पुरा झालाच नाही.

पन्नास वर्षे मागे गेलात तर वेगळे चित्र दिसेल, याचे मला नवल वाटते. १९३७ मध्ये प्रभातचा ‘कुंकू’ आला. व्ही. शांतारामांचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटेंनी ती रंगवली. ती रडत बसत नाही, तिला संताप येतो आणि तो पडद्यावर दिसतो. १९३७ मध्ये जे चालले, ते १९९१ मध्ये का चालेनासे झाले? काळ पुढे जातो तशा बाईच्या वाटा आपोआप मोकळ्या होतात, असे समजणाऱ्यांनी या दोन सालांचा विचार करावा.

‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळांची ‘बेघर’ कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, स्मिता पाटील. गाणी आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची आणि वसंत बापटांची. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला तो दाखवला होता, कारण नायिका आमच्याच धंद्यातली. महिला सुधारगृहाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडते. वर्गात चर्चा झाली ती संस्थेतल्या भ्रष्टाचारावर. पण गावात तो सिनेमा दाखवला की बायका एकाच गोष्टीवर भांडतात: तिने लहान मुलीला घरी ठेवून जायला नको होते. प्रत्येक वेळी. मी आता ते भांडण मिटवायला जात नाही. फक्त विचारते, तुमच्या गावातून पुण्या-सुरतेला कामाला गेलेले बाप किती? त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला का, की लेकरू टाकून गेला?

आणि ‘गाभ्रीचा पाऊस’. सतीश मनवरांचा, २००९ मधला. नावातच वऱ्हाडी शिवी आहे, म्हणजे निदान पावसावर तरी रागावायची मुभा घेतली. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका घाबरते. आपला नवराही तसेच काही करेल या भीतीने ती लहान पोराला त्याच्या मागे-मागे पाठवते, त्याच्या आवडीचे रांधते, त्याचे मन सांभाळते. सोनाली कुलकर्णींनी ती भीती अशी दाखवली आहे की आमच्या गटातल्या बायका तो सिनेमा बघताना रडल्या नाहीत. गप्प झाल्या. कारण हे त्यांनी केलेले आहे. दोर लपवणे, फवारणीच्या औषधाचा डबा शेजाऱ्याकडे ठेवणे, रात्री तो उठला की उठणे. या कामाला नाव नाही, मजुरी नाही. आणि ज्या घरात एवढे करूनही माणूस गेला, तिथे लोक तिलाच विचारतात, तू घरीच होतीस ना?

२००६ मध्ये केंद्राचे जे पॅकेज आले त्यात विदर्भाचे सहा जिल्हे होते आणि बुलढाणा त्यांत होता. आत्महत्या झाली की चौकशी, पंचनामा, मग प्रकरण पात्र की अपात्र. पात्र ठरले तर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत, असा त्या वर्षीचा शासन निर्णय. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणाच्या नावे, यावर सारे ठरते. या चौकशीच्या वेळी बाई फार रडली तर उत्तरे नीट देत नाही, रडली नाही तर ‘हिला काही वाटत नाही’, आणि चिडली तर संपलेच. एका विधवा ताईने मला सांगितले, ‘ताई, मले साऱ्यात जास्त राग त्याचाच आला होता. मले न सांगता गेला. पन हे कोनाले सांगू? मेलेल्या मानसावर कोनी रागावते का?’ नवरा जाऊन चार वर्षे झाल्यावर हे बोलली. त्याआधी दर बैठकीत ती म्हणायची, बरं हाये.

ती बोलली कशी, ते सांगते. आम्ही दुपारी बसून जुनी गाणी आठवत होतो, कोणाला कोणती येतात. तिला हळदीची गाणी येत होती, एकामागून एक, वीस-पंचवीस तरी. कोणी म्हणाले, ‘अगं, मग लग्नात का म्हणत नाहीस?’ आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आले काय विचारले ते.

मैत्रिणींनो, हे तुमच्या प्रत्येक गावात आहे. जिला सगळ्यात जास्त गाणी येतात ती बहुतेक म्हातारी, आणि म्हातारी म्हणजे बहुतेक विधवा. आणि विधवेने हळदीला हात लावायचा नाही, मांडवात पुढे बसायचे नाही. घाटावरच्या एका गावात मी पाहिले: आजी चुलीपाशी, भिंतीआड, सवाष्णी पुढे पाटाभोवती. पोरींना गाणे अर्ध्यावर आठवेना, की आजी आतून पुढचा शब्द पुरवायची. शब्द तिचे चालत होते, चाल तिची चालत होती, ती चालत नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करायला सांगितले. आपल्याकडेही काही ठिकाणी ठरावाच्या गोष्टी झाल्या. ठराव कागदावर होतो. हळद मांडवात लागते.

त्या गावात पुढच्या लग्नात नवरी मुलगी म्हणाली, आत्या पुढे बसून गाणार असेल तरच मी पाटावर बसते. नवरीची आई तयार झाली, आजी नाही. तीन-चार सवाष्णी उठून गेल्या. उरलेल्यांत हळद झाली आणि आत्या गायली, आवाज कापत होता पण गायली. हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल म्हणून पुढचेही सांगते. त्या हंगामात भावकीतल्या कोणीच तिला लग्नाचे बोलावणे केले नाही. ती मला म्हणाली, ‘आता चुलीपाशीबी बसू नाही देत.’ नवरी सासरी गेली, तिला तिथे कोणी काही बोलले नाही, असे कळते. किंमत मोजली ती आत्याने. तेव्हा तुमच्या गावात हे करायचे तर एकीच्या जिवावर करू नका. दहा घरांनी आधी कबूल करावे, की आमच्याकडे ती आलीच पाहिजे, आणि मग करावे.

दुसरी एक सावधगिरी. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. कोणी ओवी म्हणायला लागली की तीन हात वर होतात, रेकॉर्डिंगला. एका गावात बचत गटातल्या कोणीतरी एकीची सासूवरची ओवी व्हॉट्सअॅपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती सासूच्या भावापर्यंत पोचली. जात्यावर म्हटलेले जात्यापाशी राहायचे, कारण अंधार होता. मोबाइलमध्ये अंधार नाही. म्हणून गाणे रेकॉर्ड करायचे तर गाणारीला विचारून, कुठे जाणार ते सांगून, आणि तिला ऐकवून. तिने नको म्हटले की पुसून टाकायचे. आणि छापायचे, तर तिचे नाव घालायचे की नाही हेही तिनेच ठरवायचे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. मुलाने आणि नातलगाने लिहून ठेवले म्हणून त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले आणि आपल्याला त्या कळल्या. किती जणींना असा लिहून घेणारा मिळाला असेल?

आपल्याच जिल्ह्याची आणखी दोन नावे घेते. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, पोवाडे होतात. आई म्हणून त्यांचे गुणगान असते. १६२९ मध्ये त्यांचे वडील लखुजी जाधवराव आणि भाऊ निजामशाही दरबारात दगा होऊन एकाच दिवशी मारले गेले. त्या वेळी त्या लेकीला, बहिणीला काय वाटले असेल, यावर थांबणारा पोवाडा मी तरी ऐकला नाही. शाहीर लगेच शिवनेरीवर जातो.

आणि ताराबाई शिंदे. या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये आधी फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. त्यावर ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. १८८२, पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. त्यांनी देवाला किंवा जात्याला सांगितले नाही. पुरुषांना समोर उभे करून विचारले. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बाईला कपटी रंगवतात, त्या लेखकांनाही सोडले नाही. म्हणजे आज आपण सिनेमाबद्दल जे बोललो ते या गावातल्या बाईने १८८२ मध्येच केले आहे. टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. १९१० मध्ये त्या गेल्या. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुस्तक पुन्हा काढले, तोवर ते जवळजवळ विसरले गेले होते. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लिहिला, एवढ्याने पुढची जवळपास नव्वद वर्षे झाकली गेली.

आता थांबते. चहा आला आहे. चहानंतर तालुक्याप्रमाणे गट पाडू. घाटाखालच्या ताया त्या खोलीत, घाटावरच्या इथेच. प्रत्येकीने आपल्या केंद्रातला एक अर्ज आठवायचा, नाव न सांगता, आणि तो ‘वाईट वाटले’ हा शब्द न वापरता पुन्हा सांगायचा. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी गाऊन दाखवले तरी चालेल. आणि हळदीच्या गाण्यांची वही आपण कोणाकोणाकडून लिहून घ्यायची, त्यांची यादी आजच करून ठेवू. दोन आज्या ऐंशीच्या पुढच्या आहेत.